तांदळात लिहिलेलं नाव

गोदे, तुझ्या नावात चूक झाली आहे आणि ती माझ्याकडून दुरुस्त होईना. एवढंच सांगायला लिहायला बसले. बाकी तू गेलीस, वाईट झालं, बाई कामाची होती, हे सगळे बोलून मोकळे झाले आहेत. फाट्यावर तुझा मोठा फ्लेक्स लावला आहे. त्यावर 'महिलांचे प्रेरणास्थान' असं लिहिलं आहे. फोटो चांगला आहे, पदरही नीट आहे. फोटोत पुढे उभं राहायचा तुला सोस होताच. पण खाली नाव आहे सुमनबाई. लोक वाचतात, हात जोडतात. मी बसमधून उतरले की दुसरीकडे बघते.

सुमन कोण, ते मला इतक्या वर्षांत पटलेलं नाही. माझ्या लेखी तू गोदावरी, पण तसं म्हणायचे ते दोघीच असलो की. सिद्धेश्वरच्या बाजूच्या आपल्या गावात गुरुजी हजेरी घ्यायचे, 'गोदावरी' म्हणायचे, आणि तू 'हजर' असं ओरडायचीस की बाहेर बांधलेली शेळी उठून उभी राहायची. चौथीपर्यंत दोघी बरोबर होतो. मग तुझ्या बापाने तुझं लग्न बाळापूरकडच्या या गावात लावून दिलं.

ते नाव कसं बदललं, हे तू मला कितीदा सांगितलंस. ताटात तांदूळ पसरले होते. नवऱ्याने त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. तुझ्या नवऱ्याला अक्षर येत नव्हतं. भटजीने त्याचा हात धरून लिहून घेतलं, आणि भटजीही घाईत, त्याने 'सुमण' लिहिलं. तू चौथी पास. शेजारी मान खाली घालून बसलेली.

"मी बघून राहिले चंद्रे, न चुकला. आन् मला हसू येऊन राहिलं. सासू म्हणली, पोरगी लाजली."

आपण दरवेळी यावर पोट दुखेपर्यंत हसलो. तुझं नाव गेलं त्या गोष्टीवर आपण आयुष्यभर हसलो, हे आत्ता लिहिताना कळतं आहे.

माझं नाव नाही बदललं. वर्षभराने मी त्याच गावात आले, बिजवराला दिलेली. त्याची पहिली बायको वारली होती. दुसऱ्या लग्नाला कोण ताट मांडतो आणि तांदूळ पसरतो? देवळात हार घातले, घरी येऊन चूल पेटवली. मी चंद्रकला होते ती चंद्रकलाच राहिले. कोणी मान दिला म्हणून नाही. कोणी विचारलंच नाही म्हणून.

तू पुढारपण कधी सुरू केलंस ते मला नेमकं सांगता येणार नाही. पण माझ्या घरी कधी आलीस ते पक्कं आठवतं. माझी लेक सातवी झाली होती आणि आम्ही तिचं लग्न ठरवत होतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. लोकांना वाटतं नवरा आडवा होता आणि मी रडत होते. तसं काही नव्हतं. मीच म्हणत होते, पोरगी वाढली, उजवून टाकावी. तू येऊन आमच्या उंबऱ्यावर बसलीस. दिवसभर बसलीस. शेळ्यांना आत घेता येईना.

माझा नवरा म्हणाला, "वैनी, उठा आता. लोक बघून राहिले."

"बघू द्या की. तुमाला पोरगी शाळेत जाताना बघवंना, तं लोक मला बसलेली बघतीन."

"तुमाला काय तकलीफ हाये पण?"

"मला काहीच न्हाई. मी चौथी शिकले, मला सगळं मालूम हाये. तुमी किती शिकले?"

तो उठून शेताकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा येऊन बसलीस. तिसऱ्या दिवशी त्याने सोयरिकीला नाही म्हणून निरोप धाडला. ती लेक आज नर्स आहे, स्वतःच्या कमाईवर उभी आहे. मी तुला त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाही. मला राग होता, तू आमच्या घरात शिरलीस म्हणून. पुढे राग गेला, पण तोवर बोलायची वेळ निघून गेली होती. आता बोलते. उपकार झाले. हे तू ऐकत नाहीस, हे मला माहीत आहे.

दर आठ मार्चला तू शाळेच्या आवारात बायका जमवायचीस. मला ते थेर वाटायचे. पण तू सत्कार कुणाचे केलेस ते मान्य करावं लागेल. साहेबांच्या बायकांचे नाही केलेस. नवरा गेल्यावर एकटीने मेंढ्या घेऊन रानोरान फिरणारी पारू. ट्रॅक्टर चालवणारी मुकिंदाची सून. गावातली निम्मी लेकरं जिच्या हातावर जन्माला आली ती कोंडाबाई, जिला लोक बाळंतपणापुरती विचारायचे आणि पंगतीत लांब बसवायचे. तिला तू मधोमध खुर्चीवर बसवलीस आणि तिचं नाव तीनदा म्हणायला लावलंस सगळ्यांना. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पडते की काय असं मला वाटलं.

मग तुझ्या डोक्यात घराचं खूळ शिरलं. घराच्या कागदावर बाईचं नाव, आणि दारावर बाईच्या नावाची पाटी. ग्रामसभेत पुरुष खदखदून हसले. एक जण म्हणाला, "आता घर बाईच्या नावानं? उद्या म्हणशीन, गड्यानं कुकू लावावं."

"लावते की. बस इथं खाली."

आणि तू खरंच करंडा काढलास. तो पळाला. नंतर बहुतेक घरं तयार झाली. कुणी मनापासून, कुणी तू दारात बसशील या भीतीने. तू रेशन कार्डं गोळा केलीस, त्यावरून नावं उतरवून घेतलीस, बाळापूरच्या पेंटरकडून निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात पाट्या रंगवून आणल्यास. ज्या दिवशी त्या ठोकल्या त्या दिवशी तू नवरीसारखी मिरवत होतीस. दारोदार फिरत आलीस आणि मला म्हणालीस, "कसं दिसून राहिलं गाव?"

मी काय बोलले ते तुला माहीत आहे.

"ह्या पाट्या कुणाच्या गं? सासऱ्यायनं ठिवलेल्या नावाच्या. तू बायायची नावं न्हाई लिवली, सुनायची नावं लिवली. रेशन कार्डावरून उतरवून घेतली, एकीला तरी इचारलं का, तुझं नाव काय म्हणून? तुझ्या सोताच्या दारावर कोण हाये? सुमन. ती तर तांदळात जन्मली."

तू मग म्हणालीस, "तुला काय कळतं? तुझं नाव वाचलं."

"वाचलं म्हंजे कोणी इचारलंच न्हाई. त्याचा तुला हेवा वाटून राहिला का?"

हे मी बोलायला नको होतं. बोलणं खरं होतं, पण त्या दिवशी नको होतं. तू सगळं गाव उभं केलं होतंस आणि मी ओट्यावर बसून चूक काढत होते. मी एकही पाटी ठोकली नव्हती. त्यानंतर आठ महिने तू माझ्या ओट्यावर आली नाहीस. नळावर भेट झाली की 'बरी हाये का' एवढंच. मीही आले नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

संक्रांतीच्या आधी आलीस. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. तू न विचारता मूठभर शेंगा ओढून घेतल्यास आणि सोलायला लागलीस. 

"तू म्हणलीस ते बराबर हाये चंद्रे."

"काय म्हणले मी?"

"जास्ती ताणू नको. नावाचं. मी आठ महिने इचार करून राहिले. पण आता समद्यायच्या कागदावर तेच नाव बसलं. आधार म्हणा, बँक म्हणा, घर म्हणा. ते आता हलवू कसं?"

"मग राहू दे."

"मी माझ्यापासून सुरू करते. यंदा आठ मार्चला माझ्या दारावर गोदावरी लिवते. आधी दारावर, मंग कागदाचं बघू. तू येशीन का माझ्याबरोबर पेंटरकडं?"

गोदे, मी काय म्हणाले? मी म्हणाले, "म्हातारपणी काय थेर. लोक हसतीन."

"काहून? हसले तर हसले. येशीन का?"

"बघू."

'बघू' म्हणाले. मला येण्यासारखं होतं. पाय दुखत नव्हते, घरी कोणी आजारी नव्हतं. फक्त तू आठ महिन्यांनी आलीस म्हणून लगेच हो म्हणायचं नव्हतं. तू सोललेल्या तुरी माझ्या सुपात टाकल्यास आणि गेलीस.

तीन आठवड्यांनी तू न्हाणीत पडलीस. नांदेडला नेलं. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं. मी आले होते. तुझा लेक भगवान बाहेर होता, तिथली सिस्टर तुझ्या गालावर थापटत होती, "सुमनआजी, डोळे उघडा, सुमनआजी." तू डोळे उघडेनास. मला वाटलं, हिला कुठे ठाऊक की कुणाला हाक मारायची. मी वाकले, तुझ्या कानाशी म्हणाले, "गोदे. ए गोदे. गोदावरी." मागच्या बाकावरून हाक मारायचे तसं.

गावात बायका विचारतात, मग काय झालं? त्यांना वाटतं तू डोळे उघडले असशील. नाही उघडलेस. दोन्ही नावांना नाही. तोंड हलत होतं, मी कान लावला, नुसता श्वास होता. तुला काही सांगायचं होतं की तोंड आपलं हलत होतं, मला समजलं नाही. मी खोटं कशाला सांगू.

दहाव्याला आम्ही बायका नदीवर मागे बसलो होतो. भटजीने विचारलं, "मृताचं नाव?" भगवान म्हणाला, "सुमन." माझ्या ओठापर्यंत आलं होतं. उठले असते तर चार पावलांवर होता तो. मी उठले नाही. म्हटलं, कावळा शिवणार नाही, मग सगळे विचारतील हिची काय इच्छा राहिली, तेव्हा सांगू. कावळा पिंड ठेवल्याबरोबर आला आणि खाऊन गेला. बायका म्हणाल्या, समाधानी गेली हो. मला त्या कावळ्याचा असा राग आला. तुझी इच्छा राहिली होती आणि त्याला पत्ता नाही.

दोन दिवसांनी मी भगवानला घरी गाठलं आणि सगळं सांगितलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तो खाली बसला. नातवंडं असलेला गडी.

"मावशी, मायचं नाव गोदावरी व्हतं?"

"तुला मालूम न्हवतं?"

"मला कोणी सांगितलंच न्हाई. मायनंबी न्हाई."

त्याचे डोळे भरले. मी पाणी दिलं. मग तो म्हणाला, "पण मावशी, आता कसं करू? घर मायच्या नावावर हाये. कागदावर सुमन, मरणाच्या दाखल्यावर सुमन. मधीच दुसरं नाव आलं तं वारसाची नोंद अडकन. लोक म्हणतीन, ही गोदावरी कोण?"

घर तुझ्या नावावर कुणी करवलं? तूच. दारोदार फिरून. तुझ्याच कामाने तुझं नाव बंद केलं, आणि त्यात तुझी चूक कुठे आहे ते मला दाखवता येत नाही. त्या पोराचीही नाही.

तरी मी गेले. आपल्या गावच्या शाळेत गेले. दोन बस बदलाव्या लागल्या. हेडमास्तर लेकीच्या वयाची बाई आहे. तिने जुनं रजिस्टर काढून दिलं. पान पिवळं पडलं आहे, पण तू आहेस. गोदावरी, पुढे बापाचं नाव. शाळा सोडल्याचं कारण, घरकाम. तुझ्याखाली मी. माझंही घरकाम. तिने तुझा उतारा सही-शिक्का मारून दिला, चहा पाजला. मला वाटलं, झालं.

तो कागद घेऊन मी दाखले देतात त्या कचेरीत गेले. तिथला पोरगा सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, कागद दोनदा वाचला.

"आजी, जिवंत माणसाला नाव बदलता येतं. पण अर्ज त्यानंच करावा लागतो."

"ती मेली ना."

"मग न्हाई जमत. मेलेल्या माणसाचं नाव बदलता येत न्हाई."

"मी कुठं बदलून राहिले? हेच पयलं नाव हाये. बदललं तुमी लोकायनं."

"मी न्हाई बदललं आजी. माझी तर बदलीच आत्ता झाली."

तो बरोबर बोलत होता. कुणाशी भांडायचं तेच मला कळेना. तू असतीस तर त्याच्या टेबलासमोर बसली असतीस. मीही बसले थोडा वेळ. तू बसायचीस तेव्हा पुढचा माणूस घाबरायचा. माझ्यासाठी त्याने पंखा लावला.

मग आठ मार्च आला. सविता, आपल्या गावची आशा सेविका, म्हणाली कार्यक्रम बंद ठेवायचा नाही. शाळेच्या आवारात सतरंज्या टाकल्या, तुझा फोटो ठेवला, हार घातला. सविताने सगळ्यांसमोर मला उभं केलं. "आजी, तुमी बोला. तुमी लहानपणापासून वळखता."

मला भाषण येत नाही. मी म्हणाले, "तिचं नाव सुमन न्हवतं. गोदावरी व्हतं. ती ते दारावर लिवणार व्हती. मी बघू म्हणले, म्हणून ऱ्हायलं." आणि खाली बसले.

मग मागून पारू म्हणाली, "मी बी पारू न्हाई. मी सोजर." कुणीतरी म्हणालं, "माझं कमल." मग सुरूच झालं. एक म्हणाली, "माझं रुक्मिणी व्हतं, पण सासूचंबी रुक्मिणी. सासूबाई म्हणल्या, सुनेला शिव्या देयाच्या झाल्या तर मी सोतालाच कशा देऊ? मंग माझं बदललं." बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. फाटकाशी पुरुष उभे होते, त्यांच्यातल्या एकाने आपल्या बायकोचं खरं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. सविता वही घेऊन पळत होती, एकीचं लिहून होईतो दुसरी ओरडायची. तुला आवडलं असतं. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

पुढे गयामाय बसली होती. गावात तिच्याहून मोठं आता कोणी नाही. पाळण्यातून उचलून बोहल्यावर उभी केलेली बाई ती. सविता तिच्यासमोर उकिडवी बसली. "माय, तुमचं माहेरचं नाव काय?"

"व्हतं की," गयामाय म्हणाली.

"काय व्हतं?"

"माय हाक मारायची. ज्वारीतून हाक मारायची. मी पळत जायची."

"काय म्हणून हाक मारायची, माय?"

म्हातारीने तोंड उघडलं. तिने हाताची बोटं एकमेकांत घातली, सोडवली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे बघितलं, "तुला ठाव हाये का गं?"

मला कसं ठाऊक असणार? तिच्या माहेरचं आता कोणी राहिलेलं नाही. शाळेत ती गेलीच नव्हती, की रजिस्टर काढून बघावं. मी मान हलवली. सविताने कागदावर पेन टेकवलं होतं, ते तसंच होतं.

गयामायने आजूबाजूला पाहिलं, सगळ्या बायकांच्या तोंडांवरून नजर फिरवली, कुणाला तरी शोधत. मग वैतागून म्हणाली, "सुमन कुठं हाये? तिला इचारा ना. तिला समद्यायचं मालूम ऱ्हाते."